एका बांधाची एकाहत्तर वर्षं चाललेली मोजणी

ओसरीवरचा (धागाकर्ता) · शुक्रवार, रात्री १०:२०

गेल्या महिन्यात आमच्या सामाईक बांधाची मोजणी झाली. तिसऱ्यांदा. मशीन लावलं, खुणा रोवल्या, पंचनाम्यावर सह्या झाल्या, आणि आठवड्याच्या आत दोन खुणा ‘ट्रॅक्टरच्या धक्क्याने’ गेल्या. त्या वैतागात वाचायला काय हाती लागावं, तर उस्मानी तुर्क आणि इराण यांच्या सीमेची कहाणी. पहाटे दोनपर्यंत वाचत बसलो. आमच्या तीन मोजण्या म्हणजे किस झाड की पत्ती.

पश्चिमेला इस्तंबूलचा सुलतान, पूर्वेला इराणचा शहा. मधली हद्द अरारात पर्वतापासून थेट आखातापर्यंत, जवळपास एकोणीसशे किलोमीटर. वर बर्फाचे डोंगर, मध्ये झाग्रोसची कुरणं, खाली दलदल आणि शट्-अल-अरब नदी (तैग्रिस आणि युफ्रेटिस मिळून होते ती). १६३९ साली झुहाबला तह झाला, सुलतान चौथा मुराद आणि शहा सफी यांच्यात. बगदाद तुर्कांकडे राहिलं. पण तहासोबत नकाशा नव्हता. अमुक गढी पाडायची, तमुक किल्ला ह्याचा, जाफ टोळीच्या या शाखा सुलतानाच्या आणि त्या शहाच्या, अशी सगळी भाषा. हद्द जमिनीवर कमी आणि माणसांवर जास्त. आणि ही माणसं मेंढरं घेऊन हिवाळ्यात खाली, उन्हाळ्यात वर. आपल्याकडे धनगरांचे वाडे दिवाळीनंतर कोकणात उतरतात तसं. फरक इतकाच की इथे चराईची पट्टी मागायला दोन बादशहांची माणसं उभी.

दोनशे वर्षं हे असंच रेटलं. १८२१ ते १८२३ युद्ध झालं, तुर्कांच्या पूर्वेकडच्या एर्झुरूम शहरात तह झाला, त्यात काय लिहिलं? की १६३९ चं तेच पुढे चालू. मग १८३७ मध्ये शहा हेरातच्या (आजच्या अफगाणिस्तानातलं शहर) मोहिमेत अडकलाय हे पाहून बगदादच्या वालीने (तुर्क सुभेदाराने) मोहम्मरा बंदर लुटलं (हेच आजचं खुर्रमशहर). जानेवारी १८४३ मध्ये नजीब पाशाची फौज करबला शहरात घुसली आणि हजारो माणसं मारली गेली. त्यात इराणी बरेच. तेहरानमध्ये युद्धाची तयारी सुरू झाली.

इथे पंच अवतरले. ब्रिटन आणि रशिया.

दोघांनाही युद्ध नको होतं, पण म्हणून ते निःस्वार्थी होते असं नाही. इंग्रजांना बसऱ्यावरून हिंदुस्थानचा रस्ता हवा होता. युफ्रेटिसमध्ये आगबोटी चालतात का हे ते १८३०च्या दशकातच तपासून बसले होते. रशियाने १८२८ च्या तुर्कमानचाय तहात इराणचा उरलेला कॉकेशस गिळला होता आणि पुढचा घास स्वतःच्या सवडीने घ्यायचा होता. शेजारचे दोन्ही वाडे एकदम कोसळले तर ढिगाऱ्यावर दुसऱ्याने हक्क सांगायची भीती दोघांनाही सारखीच.

१८४३ मध्ये एर्झुरूमला परिषद बसली ती चार वर्षं बसूनच राहिली. इराणकडून मिर्झा तकी खान (पुढे ‘अमीर कबीर’ म्हणून गाजला तो), तुर्कांकडून अन्वरी एफेंदी, इंग्रजांकडून विल्यम्स नावाचा तोफखान्यातला अधिकारी, रशियाकडून कर्नल डाइनेसे. मधल्या काळात, १८४६ मध्ये, गावातल्या जमावाने इराणी वकिलाच्या मुक्कामावर हल्ला करून त्याची माणसं मारली. तरी मिर्झा तकी खान उठून गेला नाही. मला या सगळ्या प्रकरणात खरा चिवट माणूस तोच वाटतो.

३१ मे १८४७ ला तह झाला. सौदा साधा होता. इराणने झुहाबचा सखल पश्चिम भाग सोडला आणि सुलेमानियावरचा हक्क सोडला. तुर्कांनी मोहम्मरा शहर, बंदर, खिज्र बेट (आजचं आबादान) आणि नदीचा पूर्व काठ इराणला दिला. इराणी जहाजांना नदीत मोकळी वाट.

आता गंमत. सह्यांच्या आधी तुर्कांनी दोन्ही पंचांना विचारलं, की ‘पूर्व काठ’ म्हणजे नक्की किती? मोहम्मराच्या पलीकडचं काही द्यावं लागणार नाही ना? इस्तंबूलच्या ब्रिटिश आणि रशियन वकिलांनी लेखी खुलासा दिला : नाही, तेवढंच. हा खुलासा इराणला विचारून दिलेला नव्हता. पुढच्या वर्षी तहाच्या प्रती बदलायच्या वेळी आलेल्या इराणी प्रतिनिधीला, मिर्झा मोहम्मद अली खानला, सांगितलं की यावर सही कर, नाहीतर प्रती बदलत नाही. त्याने केली. तेहरान म्हणालं, त्याला तो अधिकारच नव्हता. सहीला कुणाची किंमत आणि कशी, यावर हे भांडण विसाव्या शतकापर्यंत गेलं.

(लाईट गेली. मोजणीचं उद्या लिहितो.)

---

रानजाई · शुक्रवार, रात्री ११:०५

वाह! वाचनखूण साठवली. ‘खुलाशाचं पत्र’ हा प्रकार वाचून आमच्या सोसायटीच्या मीटिंगची मिनिट्स आठवली. ठराव एक, मिनिट्समध्ये भलतंच.

---

नेमका_प्रश्न · शनिवार, सकाळी ८:१५

लेख रंगतदार आहे, पण तुम्ही त्या दोन बादशाह्यांना फारच गरीब गाय करून टाकलंय. पंच स्वार्थी होते हे मान्य. पण हद्द ठरू नये ही इच्छा स्थानिकांचीही होती. काब टोळीचे शेख सोयीप्रमाणे कधी तुर्कांचे, कधी इराणचे. वसुलीवाला आला की ‘आम्ही त्यांचे’. हद्द ठरली असती तर एका बाजूला तरी पट्टी भरावीच लागली असती ना.

आणि दरवीश पाशाचं नाव तुमच्या पुढच्या भागात येईल अशी आशा.

---

ओसरीवरचा · शनिवार, दुपारी २:४०

येणार होतंच, ते तुम्ही काढलं म्हणून तिथूनच सुरू करतो.

१८४९ मध्ये चार देशांचे चार आयुक्त हद्द आखायला निघाले. इंग्रजांचा विल्यम्सच, रशियाचा चिरिकोव्ह, इराणचा मिर्झा जाफर खान (हा इंग्लंडला शिकून आलेला), आणि तुर्कांचा दरवीश पाशा. या पाशाने कामावर येता येता वाटेत कोतूरवर फौज घालून तो ताब्यात घेतला. म्हणजे मोजणीला निघालेल्या माणसाने वाटेतच शेजाऱ्याच्या वावरात नांगर घातला. कोतूर म्हणजे वान आणि खोय यांच्यामधली खिंड, तिचं मोल त्याला पक्कं ठाऊक. पंचांनी निषेध केला, खलिते लिहिले. जागा इराणला परत मिळाली ती १८७८ च्या बर्लिन तहाच्या ६० व्या कलमाने, रशियाने युद्धात तुर्कांना लोळवल्यावर. जवळजवळ तीस वर्षांनी. तर हो, नेमका_प्रश्न, गरीब गाय कोणीच नाही, हे मान्य.

१८५० च्या सुरुवातीला मोहम्मरापासून काम सुरू झालं आणि पहिल्याच मुक्कामी अडलं, त्याच ‘पूर्व काठ म्हणजे किती’ वर. शेवटी ठरलं की आता वाद घालू नका, नुसता मुलूख मोजत वर चला. १८५२ मध्ये अराराताला पोचले. या रखडपट्टीत एक भलं झालं. इंग्रजांच्या तुकडीत लॉफ्टस नावाचा भूगर्भवाला होता. वाद चालू असताना तो वारका आणि सुसा इथले ढिगारे उकरत बसला. वारका म्हणजे उरुक, गिल्गमेशाचं शहर! हद्द सापडली नाही, पण चार-पाच हजार वर्षांपूर्वीचं शहर सापडलं.

अमीर कबीर तोवर इराणचा मुख्य वजीर झाला होता. तो ‘खुलासा’ त्याने शेवटपर्यंत मानला नाही. जानेवारी १८५२ मध्ये शहाच्या हुकमाने काशानजवळच्या फिन बागेतल्या हमामात त्याच्या नसा कापल्या. मोजणी संपली त्याच वर्षी.

आणि मग पंचच एकमेकांवर तुटून पडले. क्रिमियाचं युद्ध. जो विल्यम्स कर्नल चिरिकोव्हच्या शेजारी तंबू ठोकून हद्द मोजत होता, तोच १८५५ मध्ये कार्सच्या किल्ल्यात तुर्कांच्या बाजूने रशियन वेढ्याशी झुंजत होता. नोव्हेंबरात उपासमारीने किल्ला पडला आणि तो रशियाचा कैदी झाला.

नकाशे तसेच पडून. युद्ध मिटल्यावर इंग्रजांचा नकाशा आणि रशियनांचा नकाशा शेजारी ठेवले तर तफावती निघाल्या चार हजारांच्या घरात! त्या जुळवून एकच सामाईक नकाशा तयार व्हायला १८६९ उजाडलं. ‘कार्त इदांतिक’ (एकसारखा नकाशा) म्हणायचे त्याला. आणि त्या नकाशावर, ऐका, हद्दीची रेघ नव्हतीच. पट्टा होता. वीस-पंचवीस मैल रुंदीचा. पंचांनी दोन्ही सरकारांना कळवलं की तुमची हद्द या पट्ट्यात कुठेतरी आहे, ती तुम्ही आपसात ठरवा, अडलं तर आम्ही आहोतच.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा पट्टा अपयश नव्हता. पंचांना हवं होतं ते हेच. हद्द ठरली असती तर पंचांची गरज संपली असती. ब्रिटिश परराष्ट्रमंत्री पामर्स्टनने तर १८५१ मध्येच लिहून ठेवलं होतं, की ही हद्द ब्रिटन आणि रशिया यांनी स्वतःच्या मर्जीने निकाल दिल्याशिवाय कधी ठरणार नाही.

---

साखळीवाला · शनिवार, सायंकाळी ६:३०

नमस्कार. मी मोजणी खात्यातून निवृत्त. चार हजार तफावती वाचून सगळे हसतील म्हणून लिहितोय.

दोन तुकड्यांनी एकच डोंगराळ मुलूख मोजला आणि तफावत आली नाही, तर मी म्हणेन दुसऱ्याने पहिल्याची नक्कल केली. प्लेन टेबल लावून शिखरं घेतली जायची. शिखर ज्या बाजूने दिसतं त्या बाजूने घेणार. मागच्या बाजूचा उतार अंदाजाने. त्यात नावं. मी नोकरीला लागलो तेव्हा साताऱ्याकडच्या डोंगरात दोन गावांच्या मधल्या ओढ्याला वरचं गाव एक नाव सांगायचं आणि खालचं दुसरं. जुन्या टिपणात एक नाव, शेजारच्या गावाच्या टिपणात दुसरं, आणि साहेब विचारतात दोन ओढे दाखवलेत त्यातला दुसरा कुठाय? दुसरा नव्हताच. तिथे तर एकाच झऱ्याला कुर्द एक म्हणणार, तुर्क दुसरं, आणि ते ऐकणारे कान एकाचे इंग्रजी आणि एकाचे रशियन.

मोजणीदाराला सगळ्यात भीती कशाची? चुकीची नाही. चूक दुरुस्त होते. भीती ‘ही खूण तुमची, मला मान्य नाही’ म्हणणाऱ्या खातेदाराची. म्हणून मोजणीच्या वेळी दोन्हीकडचे हजर पाहिजेत, आणि हरकत तिथल्या तिथे नोंदवून निकाली निघाली पाहिजे. घरी जाऊन तीन महिन्यांनी हरकत घेतली की काम मेलं. १८५० वाल्यांकडे ही सोय होती का?

---

ओसरीवरचा · शनिवार, रात्री ९:१०

काका, दंडवत! १८५० ला ती सोय नव्हती. १९१४ ला होती. तुम्ही जे सांगितलंत ते जवळजवळ शब्दशः त्यांनी करारात घातलं.

मधला काळ पटकन उरकतो. १९०५ पासून तुर्की फौजा ऊर्मिया सरोवराच्या पश्चिमेला इराणच्या हद्दीत शिरून बसल्या. १९०७ मध्ये ब्रिटन आणि रशियाने इराणची आपसात प्रभावक्षेत्रं वाटून घेतली; इराणला ते झाल्यावर कळलं. मे १९०८ मध्ये मस्जिद-ए-सुलेमानला तेल लागलं, आणि १९१२ मध्ये आबादानचा शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. आबादान, तेच १८४७ चं खिज्र बेट. आता इंग्रजांना वीस मैलांचा पट्टा परवडणार नव्हता. नळ टाकायचा तर जमीन नक्की कोणाची ते ठरायला हवं.

डिसेंबर १९११ मध्ये तेहरानला दोन्ही सरकारांनी करार केला : एर्झुरूमचा तह हाच पाया, सहा महिन्यांत मिटलं नाही तर उरलेले मुद्दे हेगच्या लवादाकडे. हे हेगचं कलम कधी वापरलंच गेलं नाही. ज्या पंचांचं सगळं वजन घरातल्या घरात मिटवण्यावर अवलंबून, ते कोर्टात कशाला जाऊ देतील?

नदीचा निकाल तर आधीच लागला होता. जुलै १९१३ मध्ये लंडनला ब्रिटन आणि तुर्क यांच्यात करारावर सह्या झाल्या, त्यात शट्-अल-अरबची हद्दही आली. इराणच्या नदीचा काठ ठरत होता आणि इराणचा माणूस खोलीत नव्हता. मग नोव्हेंबर १९१३ मध्ये इस्तंबूलला चौघांच्या सह्यांचा अंतिम करार. तुर्कांकडून वजीर सईद हलीम पाशा, शिवाय इराणचा वकील, ब्रिटिश वकील मॅलेट, रशियन वकील गिर्स. बाल्कन युद्धात मार खाऊन तुर्क तेव्हा अगदी मेटाकुटीला आलेले.

आता साखळीवाला काकांचं उत्तर. त्या करारात लिहिलंय : जागेवर तुर्क आणि इराणी आयुक्तांचं पटलं नाही तर दोघांनी ४८ तासांत आपापलं म्हणणं लेखी द्यायचं, ब्रिटिश आणि रशियन आयुक्तांनी निकाल द्यायचा, आणि तो बंधनकारक. बस. त्र्याहत्तर वर्षं... चुकलो, १८४३ पासून एकाहत्तर वर्षं जे झालं नाही ते दहा महिन्यांत झालं. १९१४ च्या सुरुवातीला मोहम्मराहून निघाले, ऑक्टोबरच्या अखेरीस अराराताच्या पायथ्याशी. २२७ खांब. ब्रिटिशांकडून रॅटिस्लॉ आणि आर्नल्ड विल्सन, रशियाकडून मिनोर्स्की, जो पुढे लंडनमध्ये फारसीचा मोठा विद्वान म्हणून नावाजला. मोजणीचं काम कर्नल रायडरकडे, आणि त्याची माणसं कुठली? आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाची. सोबत बंदोबस्ताला हिंदी घोडदळ.

आणि शेवटचे खांब लागत होते तेव्हाच, २९ ऑक्टोबरला, तुर्की आरमाराने काळ्या समुद्रात रशियन बंदरांवर तोफा डागल्या. आठवडाभरात चारपैकी तीन आयुक्तांचे देश युद्धात, तुर्क एका बाजूला, ब्रिटन आणि रशिया दुसऱ्या. पुन्हा तेच!

---

नेमका_प्रश्न · शनिवार, रात्री ९:५५

म्हणजे शेवटी ताकदवान पंच असला की काम होतं, हे तुम्हीच सिद्ध केलंत.

---

ओसरीवरचा · शनिवार, रात्री १०:०२

होतं. पण कोणाचं? १९१३ च्या करारात खानकीनच्या आसपासचा जो भाग इराणकडून तुर्कांकडे गेला, त्यात एक वेगळं कलम आहे : इथे डार्सी या इंग्रजाची तेलाची सनद (जिच्यावर अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी उभी होती) जशीच्या तशी चालू राहील. जमीन बदलली, मालक बदलला, विहीर कंपनीचीच. आणि ज्या उन्हाळ्यात खांब रोवले जात होते त्याच उन्हाळ्यात, १९१४ मध्ये, ब्रिटिश संसदेने त्या कंपनीचे निम्म्याहून जास्त भाग सरकारने विकत घ्यायला मंजुरी दिली. म्हणजे पंच रीतसर भागधारक. आमच्या गावात असा पंच निघाला असता तर त्याला पारावर बसू दिलं नसतं.

तेलाला मात्र खांब दिसत नाहीत. हद्दीच्या एका बाजूला नफ्तखाना, दुसऱ्या बाजूला नफ्तशहर, आणि खाली तेलाचा साठा एकच.

---

सुकाणू · रविवार, सकाळी ७:२०

मी नदीबद्दल लिहितो. वडील बोटीवर सारंग होते, रत्नागिरीकडचे, सत्तरच्या दशकात बसऱ्याला अनेक फेऱ्या. मी स्वतः नंतर मर्चंट नेव्हीत, पण माझ्या वेळेपर्यंत ती नदी बुडालेल्या बोटींनी भरली होती.

नदीत हद्द दोन तऱ्हांनी असते. एक, काठाला. दुसरी, धारेला, म्हणजे जिथे पाणी सगळ्यात खोल आणि बोटी चालतात ती रेघ. १९१३ ने हद्द ठेवली इराणच्या काठाच्या ओहोटीच्या रेघेला. म्हणजे आबादानच्या धक्क्यावरून पाय लांब केला की तुम्ही तुर्कस्तानात, पुढे (तुर्कांचं साम्राज्य मोडल्यावर) इराकात. फक्त मोहम्मराच्या नांगरवाड्यासमोर सूट. वडील सांगायचे, बोट इराणच्या बंदराला जायची असली तरी पायलट बसऱ्याचा, डोलकाठीवर झेंडा इराकचा, आणि पैसे बसरा पोर्टला. इराणी गोदी कामगार त्या झेंड्याकडे बघून काय बोलायचे ते इथे लिहिता येत नाही.

१९३७ च्या करारात आबादानसमोरच्या काही मैलांपुरती हद्द धारेत आली. बाकी तेच. एप्रिल १९६९ मध्ये शहाने तो करार झुगारला आणि ‘इब्न सिना’ नावाची बोट इराणी झेंडा लावून, आरमार आणि विमानांच्या पहाऱ्यात, नदीतून समुद्रात नेली. इराकने गोळी झाडली नाही. ६ मार्च १९७५ ला अल्जीयर्समध्ये अल्जीरियाचा अध्यक्ष बूमेदिएनने शहा आणि सद्दामला समोरासमोर बसवलं आणि सगळी नदी धारेने वाटली. वडील म्हणायचे त्यानंतर फेरी सुखाची झाली. पाच वर्षं. १७ सप्टेंबर १९८० ला सद्दामने टीव्हीवर तो करार फाडला, पाचव्या दिवशी युद्ध. कित्येक परदेशी बोटी नदीतच अडकल्या. वडिलांची त्याच्या आधीच्या फेरीत सुटली होती.

अवांतर : धार दरवर्षी सरकते. पुराने गाळ आणला की एका काठाला मळई वाढते, दुसरा काठ खचतो. नदी काय करार वाचून वाहते?

---

गोदाकाठ · रविवार, सकाळी ९:००

शेवटच्या ओळीला +१. आमच्याकडे नदीकाठच्या मळईवर टरबूज कोणी लावायचं यावरून दोन पिढ्या बोलत नाहीत.

---

रानजाई · रविवार, सकाळी ९:३५

आज्जीच्या नथीत बसऱ्याचे मोती आहेत. ‘बसरा’ म्हणजे मोत्याचा एक प्रकार, एवढंच मला लग्नापर्यंत वाटायचं. :) आखातातले मोती बसऱ्याच्या नावाने मुंबईला यायचे म्हणे. आता ती नथ बघितली की पायलटचा झेंडा आठवणार.

---

बखरवाली · रविवार, दुपारी १२:५०

फार उत्तम धागा. एक दुवा राहिलाय, आणि तो थेट आपल्याकडे येतो.

मोहम्मरा इराणला मिळालं १८४७ च्या तहाने, म्हणजे इंग्रजांच्याच मध्यस्थीने. बरोबर दहा वर्षांनी, २६ मार्च १८५७ ला, इंग्रजांनी त्याच मोहम्मरावर तोफा डागल्या. हेरातवरून इराणशी युद्ध चालू होतं, सेनापती आउट्रम, आणि फौज मुख्यतः मुंबई इलाख्याची. म्हणजे त्यात आपली माणसं. तटस्थ तुर्कांच्या नदीतून बोटी वर नेल्या आणि बंदर घेतलं. गंमत म्हणजे पॅरिसला ४ मार्चलाच तह झाला होता! बातमी पोचायची होती. ती एप्रिलमध्ये पोचली. मे महिन्यात फौज परत निघाली तोवर मेरठ आणि दिल्ली पेटली होती. त्याच मोहिमेतला सेनानी हॅवलॉक मोहम्मराहून आला तो पुढे कानपूरवर गेला.

दुसरं : ओसरीवरचा यांनी २९ ऑक्टोबर १९१४ वर थांबवलंत. त्यानंतर आठच दिवसांनी, ६ नोव्हेंबरला, शट्-अल-अरबच्या मुखाशी फाव इथे हिंदी फौज उतरली. त्या पहिल्या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती. कारण काय सांगितलं गेलं? आबादानच्या तेलाचं रक्षण. पुढे (आजच्या इराकमधल्या) कुतच्या वेढ्यात मराठे अडकले ते सगळ्यांना माहीत आहे, पण सुरुवात या नदीवर झाली, जिच्या काठाला वर्षभरापूर्वी लंडनमध्ये रेघ मारली होती. आपल्याकडे सातारा-रत्नागिरीच्या कितीतरी गावांत संगमरवरी शिळा आहेत, ‘या गावातून इतके जण १९१४-१९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यातले इतके परत आले नाहीत’ अशा. त्यातले बरेच फ्रान्सला नाही, इथे गेले.

---

साखळीवाला · रविवार, दुपारी ३:१५

बखरवाली ताई, आमच्या गावात आहे ती शिळा. लहानपणी त्यावर चढून बोरं खायचो.

ओसरीवरचा, एक विचारतो. ते २२७ खांब पुढे मानले का?

---

ओसरीवरचा · रविवार, सायंकाळी ५:५०

जमिनीवरची हद्द बरीचशी तीच राहिली, काका. तुर्कस्तान आणि इराण यांनी १९३२ मध्ये छोट्या अराराताजवळ अदलाबदल केली, बाकी रेघ फारशी हलली नाही. इराक-इराणचा जमिनीवरचा भागही १९१४ च्याच खांबांवरून पुढे गेला. १९७५ नंतर तो पुन्हा मोजून खांब नव्याने लावले. पण १९३४-३५ मध्ये राष्ट्रसंघात इराणने म्हटलंच, की १९१३ चा करार आम्हाला मान्य नाही, तुर्की संसदेने तो कधी मंजूर केला नव्हता आणि १८४८ च्या खुलाशावरची सही अधिकाराबाहेरची होती. इराककडून नूरी अस-सईद भांडत होता. शहाऐंशी-सत्त्याऐंशी वर्षांपूर्वीची ती सही पुन्हा टेबलावर! आणि सद्दामने आठ वर्षं युद्ध करून, लाखो माणसं मारून, ऑगस्ट १९९० मध्ये कुवेत गिळल्यावर इराण शांत राहावा म्हणून पुन्हा १९७५ चीच रेघ मान्य केली.

नेमका_प्रश्न, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. जमिनीवर ४८ तासांचा नियम चालला. नदीवर पंचांनी एका खातेदाराला बाहेर बसवून निकाल दिला, आणि तो टिकला नाही.

---

नेमका_प्रश्न · रविवार, सायंकाळी ६:२०

अर्धा मान्य म्हणजे इथे इतिहासात पहिल्यांदा. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

---

रानजाई · रविवार, रात्री ८:०५

तुमच्या बांधाचं काय झालं पण?

---

ओसरीवरचा · रविवार, रात्री ८:३०

चौथ्यांदा अर्ज केलाय. या वेळी शेजाऱ्याला घरी जाऊन चहा पिऊन बोलावणार आहे. नोटिशीवर भरवसा नाही.

---

साखळीवाला · सोमवार, सकाळी १०:४०

पुतण्याला सांगून शिळेचा फोटो मागवला. गावातून गेले एकोणतीस, परत न आलेले चार. नावं नाहीत, आकडेच आहेत. पाराचं काम काढलंय म्हणून शिळा सध्या शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवलीय. काम झालं की जागेवर बसवतील म्हणाला. कुठली जागा विचारलं तर त्याला आठवेना. मला आठवते, पिंपळाच्या पूर्वेला, चार पावलांवर. टिपण करून पाठवतो त्याला.